काबूलचा कादंबरीकार, बोईसरचे वाचक



स्थलांतरितांच्या साहित्यावरच्या या संमेलनाचं पहिलं सत्र आम्ही खालिद हुसैनींना दिलं आहे. बोईसरात काबूलचा लेखक कशाला, असं काहींनी विचारलं. तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली माणसं राबतात. अणुऊर्जा केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. घर सुटतं तेव्हा काय होतं, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको.

हुसैनींचा जन्म १९६५चा. वडील परराष्ट्र खात्यात, आई शिक्षिका. १९७६ मध्ये वडिलांची बदली पॅरिसला झाली. मागं देशात सत्तापालट झाला, १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि परतीची वाट बंद झाली. १९८० मध्ये कुटुंबानं अमेरिकेत आश्रय घेतला. कॅलिफोर्नियात सुरुवातीचे दिवस सरकारी मदतीवर निघाले. पंधरा वर्षांच्या खालिदला इंग्रजी जेमतेम येत होतं. पुढं तो डॉक्टर झाला आणि रुग्णालयात जाण्याआधी पहाटे उठून त्याच इंग्रजीत ‘द काइट रनर’ ही कादंबरी लिहू लागला. २००३ मध्ये ती आली. आज आपण ती मराठीतही वाचतो.

मला स्वतःला या यशाहून एक लहानशी हकीकत मोठी वाटते. हुसैनींचे वडील तेहरानच्या वकिलातीत असताना त्यांच्या घरी एक हजारा गृहस्थ कामाला होते. अफगाणिस्तानात हजारा समाजाला पिढ्यान्‌पिढ्या खालचं मानलं गेलं. तिसरीतल्या खालिदनं त्यांना लिहावाचायला शिकवलं. कादंबरीतल्या हजारा हसनला मात्र अक्षरं येत नाहीत. मालकाचा मुलगा अमीर त्याला डाळिंबाच्या झाडाखाली गोष्टी वाचून दाखवतो आणि त्याला वाचता येत नाही म्हणून त्याची फसगतही करतो. ते प्रसंग वाचताना जीव कासावीस होतो. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. त्या मुलखातल्या वाचकाला हसन परका वाटणार नाही.

दुपारचं सत्र कामगार वाचकांचं आहे. भोजपुरी, वारली, ज्याला जी येते त्या भाषेत ते बोलतील. अनुवादक मित्रांनी त्यांच्या शेजारी बसून घ्यावं, एवढी विनंती करतो आणि अध्यक्षांना पुढची सूत्रं देतो.