पोटाची फाइल कोणाकडे?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने मला सांगितलं, "डॉक्टर, आरोग्यावर बोला, पण साखर आणि बीपी सोडून. ते ऐकून कान किटले." म्हणून आज पोट आणि यकृत, म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो, त्यावर बोलणार आहे. आजारांची यादी मात्र वाचणार नाही. मला एकच प्रश्न मांडायचा आहे: वर्षानुवर्षं चालणाऱ्या पोटाच्या आजारात तुमचा एक डॉक्टर जालन्यात असतो, दुसरा संभाजीनगरला, कधी तिसरा मुंबई-पुण्याला. मग तुमची सगळी हकीकत नेमकी कोणाला माहीत असते?

नाव-गाव न सांगता एक उदाहरण देतो. भोकरदनकडचे एक शेतकरी गृहस्थ, माझ्या नातेवाइकांच्या ओळखीचे. लिव्हर सिरॉसिस झालेलं, म्हणजे यकृताला व्रण पडून ते कडक झालेलं. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी औषधं बसवून दिली आणि तीन वर्षं तब्येत उत्तम राहिली. पुढे गुडघे दुखायला लागले. गावाजवळच्या दवाखान्यात गेले, गुडघे दाखवले, गोळ्या घेतल्या. लिव्हरची फाइल पुण्याला मुलाच्या कपाटात. गुडघ्याच्या डॉक्टरांना सिरॉसिसचा पत्ता नाही, लिव्हरच्या डॉक्टरांना गुडघ्याचा नाही. त्या वेदनाशामक गोळ्या तुमच्या-माझ्या गुडघ्याला चालल्या असत्या. सिरॉसिसमध्ये त्या मूत्रपिंडावर येतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. लघवी कमी झाली, पोटात पाणी भरलं. दवाखान्यात नेलं, पण गृहस्थ परत घरी आले नाहीत.

यात दोषी कोण, असं शोधायला गेलं तर एक माणूस सापडत नाही. प्रत्येकाने समोर आलेला अवयव नीट पाहिला. पूर्ण माणूस कोणाच्याच टेबलावर नव्हता.

आता आपल्या सोसायटीकडे बघा. लिफ्टवाला वेगळा, पाण्याच्या मोटारीचा मिस्त्री वेगळा. इमारत पंधरा वर्षांची झाली की उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, त्याचा अभियंता वेगळा. पण कोण कधी आला, काय सांगून गेला, पुढे कधी बोलवायचं, हे सगळं सचिवांच्या कपाटात एका फाइलमध्ये असतं. स्लॅब तपासायला सचिव स्वतः हातोडा घेऊन चढत नाहीत आणि अभियंताही रोज येऊन टाकी भरली का बघत नाही. दीर्घ आजारात घराजवळचा डॉक्टर म्हणजे हा सचिव, आणि पोटाचा तज्ज्ञ म्हणजे ऑडिटचा अभियंता. दोघंही लागतात. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की गळती सुरू!

हा विचार काही माझा नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांची आरोग्यव्यवस्था सांगितली आहे. सपाट भागात ५,००० लोकवस्तीला उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय. कागदावर जिना उत्तम आहे. माणसं मात्र एकदम गच्चीवर चढतात, नाहीतर तळमजल्यावरच बसून राहतात.

फॅटी लिव्हरचं बघू, कारण सोनोग्राफीत हा शब्द आज घरोघरी निघतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. का? कारण मूळ एकच: वाढलेलं पोट, बैठी कामं, साखर. या कार्यक्रमात आशाताई तिशीपुढच्या माणसांची कंबर मोजतात. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर ती धोक्याची खूण. हे काम टेप घेऊन घरातही होतं. फक्त श्वास आत ओढून मोजू नका!

मग प्रत्येक फॅटी लिव्हरवाल्याने तज्ज्ञाकडे धावायचं का? नाही. त्यासाठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक साधं गणित आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५२, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख ६० हजार, म्हणजे गणितात २६०. उत्तर येतं १. हे १.३ च्या खाली आहे, म्हणजे यकृत कडक होत असण्याची शक्यता कमी. अशा माणसाने जालन्यातच राहावं, वजन उतरवावं, साखर सांभाळावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हे गणित पुन्हा करून घ्यावं. आता बाकी आकडे तेच ठेवा आणि प्लेटलेट १ लाख ३० हजार करा. उत्तर येतं २. सोनोग्राफीच्या कागदावर दोघांनाही "फॅटी लिव्हर" असंच लिहिलेलं असेल, पण दुसऱ्याला फायब्रोस्कॅनसारख्या पुढच्या तपासणीला पाठवलंच पाहिजे. पासष्टीच्या पुढे ही मर्यादा थोडी वर धरतात, म्हणून आकडा घरी काढून घाबरू नका, डॉक्टरांना विचारा. वजनाचं म्हणाल तर सात ते दहा टक्के कमी झालं तरी यकृताची सूज उतरू लागते. ८० किलोच्या माणसाला हे साधारण सहा ते आठ किलो. यासाठी मुंबईला जावं लागत नाही, मोतीबागेपर्यंत रोज चालत गेलं तरी सुरुवात होते.

दुसरी गोष्ट काविळीची. आपल्या भागात कावीळ "उतरवतात". हाताला चुना लावून धुतला की पाणी पिवळं होतं, डोक्यावरची माळ लांब होत खांद्यावर येते. श्रद्धेची चेष्टा मला करायची नाही. पण दूषित पाण्यातून होणारी ए प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, त्यामुळे श्रेय शेवटी ज्याने उपचार केला त्याला जातं. बी आणि सी प्रकारचे विषाणू मात्र रक्तातून पसरतात, वीस-वीस वर्षं गप्प राहतात आणि आतून यकृत पोखरतात. ते पाणी पिवळं होण्याने कळत नाहीत. दोन साध्या रक्तचाचण्यांनी कळतात.

इथे सरकारची एक चांगली व्यवस्था आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. २८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं त्यात मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा बरा होतो. शंभरातल्या नव्वदाहून अधिक लोक बरे होतात. कार्यक्रमाची रचनाही बघण्यासारखी आहे: साध्या रुग्णाला जिल्हा पातळीवरच्या केंद्रात औषध, आणि सिरॉसिससारखी गुंतागुंत असेल तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या मोठ्या केंद्रात. तिथे बस्तान बसलं की रुग्ण पुन्हा खाली जवळच्या केंद्राकडे. वर जाणं आणि परत येणं, दोन्ही त्यात धरलेलं आहे.

हिपॅटायटिस बी चं थोडं वेगळं. तो बहुधा मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. काहींना रोज गोळी लागते, काहींना फक्त सहा महिन्यांनी तपासणी. आणि ही तपासणीच लोक विसरतात, कारण दुखत काहीच नाही! रक्तदान शिबिरात रक्त दिल्यावर रक्तपेढीकडून बोलावणं आलं तर ते टाळू नका. त्या माणसाचं ताट वेगळं करू नका. एकत्र जेवल्याने, हात हातात घेतल्याने बी पसरत नाही. घरच्यांची तपासणी करा आणि लागण नसेल त्यांना लस द्या: मोठ्या माणसाला तीन डोस, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. नवजात बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत.

तिसरी गोष्ट संडासवाटे रक्त जाण्याची. या विषयावर घरात बोललं जात नाही, म्हणून जाहीर बोलतो. रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" म्हणून वर्ष-वर्ष काढलं जातं. कधी ती आतड्याची दीर्घ सूज असते, अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात रोगाचं नाव ठरवणं, कोलोनोस्कोपी, औषध निवडणं हे तज्ज्ञाचं काम. पण बरं वाटल्यावरही गोळी चालू आहे का, रक्त कमी झालंय का, पुन्हा रक्त दिसतंय का, हे बघणं घराजवळच्या डॉक्टरांचं. बरं वाटलं म्हणून गोळी बंद केलेले रुग्ण दोन-चार महिन्यांनी रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबईला धावताना मी पाहिले आहेत. गोळीचे पैसे वाचले, त्याच्या कितीतरी पट प्रवासात, मुक्कामात आणि बुडालेल्या पगारात गेले.

पैशाचं बोललोच आहे तर, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांना मदत करते. तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, आधी त्यांना भेटा. पण दर महिन्याच्या गोळ्या आणि फेरतपासणी बहुधा खिशातूनच करावी लागते. म्हणून जे जवळ होऊ शकतं ते जवळ करायचं. ई-संजीवनीवर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो, तेही विचारून बघा. आता आपल्या जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. प्रत्येक वेळी साठ किलोमीटर जायलाच हवं असं नाही.

मात्र काही वेळा थांबायचं नसतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगून ताप, किंवा सिरॉसिसच्या माणसाने दिवसा झोपणं, रात्री जागणं आणि बरळणं. ही लक्षणं दिसली तर थेट मोठं रुग्णालय. गिळायला त्रास, कारण नसताना उतरणारं वजन, न भरून येणारं रक्त, यांना आठवड्याच्या आत दाखवा. आणि सिरॉसिस ठरलेला असेल तर सगळं छान असतानाही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण यकृताचा कर्करोग लहान असतानाच सापडायला हवा.

शेवटी एक काम देतो. घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा: आजाराचं पूर्ण नाव आणि ते कधी ठरलं, चालू औषधं, डोसासकट, काढे, गुळवेल, चूर्ण, "ताकदीच्या" पुड्याही, कारण त्यातल्या काहींनी यकृताला इजा झाल्याचं दिसलं आहे, कोणती औषधं चालत नाहीत, शेवटची सोनोग्राफी, एंडोस्कोपी आणि रक्ततपासणीची तारीख, पुढची तारीख, आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन नंबर. तज्ज्ञाकडे जाताना हा कागद न्या आणि उठण्याआधी विचारा, "डॉक्टर, जालन्यात काय बघायचं, आणि तुमच्याकडे कधी यायचं, एवढं दोन ओळी लिहून द्याल का?" संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. परत आल्यावर तो कागद तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याला, दाताला, डोळ्याला जाताना तोच कागद सोबत. एक फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्या, पण मूळ कागद रुग्णाच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खणात.

हे कागद सोसायटीने गोळा करायचे नाहीत, सूचना फलकावर तर मुळीच नाही. ज्याचा आजार त्याची गोष्ट. पण एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा कागद लिहून द्यायला मजल्यावरचं कॉलेजचं एखादं पोर बसलं, तर तेवढं शेजारधर्मात बसतं. ज्यांना लिहिताना अडेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर माझ्या घरी यावं, जुने रिपोर्ट पिशवीतच घेऊन या, आपण मिळून लावू. चहा आमच्याकडे. साखर कमी मिळेल.