समुद्राचा सामू आणि बाजारातील सुकट



नांदेड-लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे; तथापि आठवडी बाजारात तो सुकटीच्या रूपाने आपल्या भेटीला येतो. ही सुकट म्हणजे कोकण किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडणारा जवळा वाळवून केलेली. 'असेटिस इंडिकस' हे त्याचे शास्त्रीय नाव १८३० सालचे. जेमतेम दोन-चार सेंटिमीटर लांबीचा हा जीव. पण बोंबलासारखे मासे त्याच्यावर पोसले जातात आणि कष्टकऱ्याच्या भाकरीला त्याच्यामुळे स्वस्त प्रथिनांची जोड मिळते.

अशा चिमुकल्या कवचधारी जीवांपुढे आज एक संकट उभे आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा, तेल आदी जाळून आपण सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि पाण्यात त्याचे सौम्य आम्ल बनते.

'सामू' हा शब्द माती परीक्षणामुळे आपल्या परिचयाचा आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ही घट क्षुल्लक वाटेल. परंतु सामूचा एक पूर्ण अंक म्हणजे दहापट फरक. त्या हिशेबाने आम्लता २५ ते ३० टक्क्यांनी वाढली आहे. पाणी अद्याप विम्लच आहे. मात्र कवचाला लागणारे कार्बोनेट त्यात कमी होत चालले आहे.

कोळंबी, खेकडे यांसारखे प्राणी वाढताना वारंवार कात टाकतात आणि नवे कवच घडवितात. पाणी बदलले की या कामी अधिक शक्ती खर्ची पडते. वाढीला व प्रजननाला ती अपुरी पडू शकते. प्रौढ प्राणी काही प्रमाणात तग धरतात; धोका अधिक तो पिलांना. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खेकड्यांच्या पिलांची कवचे झिजल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल, प्राणवायू कमी असलेले आणि अधिक आम्ल पाणी वर येते. तेथे ही नवी भर पडत आहे.

यात आपला संबंध काय? गोदावरी नांदेडहून पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. सांडपाणी आणि खतांतील नत्र-स्फुरद नदीवाटे किनाऱ्याला पोहोचले की शेवाळ माजते. ते कुजताना प्राणवायू घटतो व आम्लता वाढते. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांचा पायंडा पाडला आहे. गावचे पाणी गावातच जिरविणे आणि माती परीक्षणानुसारच खत देणे, ही दोन कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

शिक्षकांनी अंड्याचे टरफल लिंबाच्या रसात बुडवून मुलांना दाखवावे. लिंबाचा रस समुद्राहून कितीतरी तीव्र असतो, हेही सांगावे. पण चुन्याचे कवच आम्लापुढे झिजते, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. बाजारातील मूठभर सुकटीकडे ती मुले मग निराळ्या दृष्टीने पाहतील.