ताराबाई शिंदे यांची ‘तुलना’

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. निमित्त होते सुरतच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्यही झाली. पण वृत्तपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्यावरच झोड उठवली. बायको वारली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी का, हा ताराबाईंचा रोकडा सवाल. भाषा घरगुती, ठसकेबाज, प्रसंगी चक्क भांडखोर. निबंधाचे बळ तिथेच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली. नंतर मात्र हे पुस्तक विस्मरणात गेले, ते साहित्य-संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले.