रायफल कोणती, हा दुसरा प्रश्न आहे
(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना येथील बैठकीत केलेले भाषण)



अंतरवाली सराटी हे नाव 2023 साली उपोषणामुळे साऱ्या देशाने ऐकले. आज आपण इथे जमलो आहोत ते कापूस-ज्वारीच्या भावावर बोलायला. त्यावर मी दुपारी बोलणारच आहे. पण सकाळी चहा घेताना दोन चुलतभावांनी मला बाजूला घेतले आणि एक प्रश्न विचारला. तो प्रश्न आधी सगळ्यांसमोर मांडतो, कारण तो दोघांचा नाही, सगळ्या शिवाराचा आहे.

थोरला म्हणाला, "सर, डुकरांनी जीव खाल्ला. रायफलीचं लायसन काढायचं म्हणतोय. तीनशे पंधरा घ्यावी का तीस-शून्य-सहा?" धाकट्याचे म्हणणे, घ्यायचीच तर मोठी घ्यावी, पुन्हा पुन्हा कोण घेतो. थोरल्याचे म्हणणे, तीनशे पंधराच्या गोळ्या मिळतात, आपल्याला तेवढी बस्स आहे.

मी शेतकीचा पदवीधर. बोंडअळी, मावा, तुडतुडे यांवर आम्हाला पानेच्या पाने शिकवली. रानडुकरावर काही शिकवले नाही. पण एक गोष्ट मात्र पक्की शिकवली. कोणतेही औषध घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : नुकसान किती, उपायाचा खर्च किती, आणि फवारा शेजाऱ्याच्या रानात किती उडतो. हेच तीन प्रश्न मी रायफलीला विचारणार आहे.

आधी त्या भावांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. ते टाळले तर तुम्ही म्हणाल, पुढारी झाला आणि बोलणे फिरवायला लागला.

दोन्ही रायफली बोल्टच्या. एक गोळी झाडली की दांडी ओढून रिकामे काडतूस बाहेर काढायचे आणि पुन्हा पुढे ढकलून दुसरे भरायचे. दोन्ही सरकारी कारखान्यांनी बनवलेल्या आहेत आणि दोन्ही सामान्य नागरिकाला लायसनवर मिळू शकणाऱ्या वर्गात मोडतात. तीनशे पंधराची घडण जुन्या लष्करी तीनशे तीनसारखी. गावात कोणी माजी सैनिक असेल तर त्याचा हात तिच्यावर लगेच बसेल. या बोअरचा इतिहासही ऐकून ठेवा. इंग्रजांनी 1878 च्या हत्यार कायद्याने इथल्या माणसाच्या हातातली हत्यारे काढून घेतली. पुढे फौजेची .303 गोळी खाजगी माणसाच्या हाती पडू नये म्हणून त्या बोअरवर बंदी घातली. तेव्हा ऑस्ट्रियाच्या फौजेची 8 मिलिमीटरची गोळी .315 या नावाने इकडे रुजली. म्हणजे तीनशे पंधरा आपल्याकडे आली ती डुकरासाठी नव्हे, सरकारला प्रजेची भीती वाटत होती म्हणून आली.

तीस-शून्य-सहा म्हणजे अमेरिकी फौजेने 1906 साली घेतलेली गोळी. शेवटचा शून्य-सहा हा त्या सालाचाच. तीनशे पंधराची गोळी जड आणि सावकाश. वजन पंधरा-सोळा ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या थोडा वर. तीस-शून्य-सहाची नेहमीची शिकारी गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, पण वेग आठशे मीटरच्या वर. म्हणून ती लांबवर सरळ जाते आणि तिचा दणकाही जास्त. दोनशे-तीनशे मीटरवरचे जनावर टिपायचे, वर दुर्बीण बसवायची, तर तीस-शून्य-सहा उजवी, यात वाद नाही.

पण आपल्या रानात डुक्कर किती अंतरावर दिसते? जागलीला गेलेल्या माणसाने सांगावे. रात्री बॅटरीच्या उजेडात, ज्वारीच्या ताटातून, तीस-चाळीस पावलांवर. फार तर धुऱ्यावरून शंभर पावले. तेवढ्या अंतरावर दोन्ही गोळ्यांनी डुक्कर सारखेच मरते. जो जादा वेग तुम्ही जादा पैशाने विकत घेणार, तो डुकराच्या कामी येत नाही. तो येतो डुकराच्या पलीकडे. म्हणून दोन्हींतच निवड करायची असेल तर थोरल्याचे बरोबर : तीनशे पंधरा. ओळखीची घडण, वापरात असलेले काडतूस, आणि आपल्या अंतराला पुरेशी. उत्तर संपले.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो : फवारा उडतो किती? ज्याला मारायची त्याला लागली नाही, तर ती गोळी कुठे थांबते?

बारा बोअरचे मोठे छर्रे चाळीस मीटरच्या पुढे फारसे कामाचे राहत नाहीत आणि काहीशे मीटरमध्ये जमिनीवर पडतात. रायफलीची गोळी, मग ती दोन्हींपैकी कोणतीही असो, नळी थोडी वर धरलेली असली तर दोन-तीन किलोमीटरच्या पुढे जाते. आपला मुलूख सपाट आहे. डोंगर नाही, टेकाड नाही, गोळी अडवायला मातीचा बांध नाही. इथून दोन किलोमीटरच्या आत किती वस्त्या आहेत ते मनात मोजा. किती बायाबापड्या पहाटे कापूस वेचायला निघतात, किती उसतोड्यांच्या कोप्या धुऱ्याला असतात, कालव्याचे पाणी धरायला रात्री किती जण रानात असतात ते मोजा. डुक्कर नेमके तेव्हाच निघते जेव्हा आपला माणूस पाण्यावर असतो. वाकून दारे धरणारा माणूस आणि उसातून बाहेर पडणारे डुक्कर यांच्यात बॅटरीच्या उजेडात फरक किती? चुकलेल्या फवाऱ्याने शेजाऱ्याची वांगी करपतात. चुकलेल्या गोळीने त्याचे घर बसते.

यावर कोणी म्हणेल, कायद्याला काय कळते. इथे मात्र कायद्याने थोडे डोके चालवले आहे. हत्यार कायदा 1959 चा. त्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी जिल्हाधिकाऱ्यांची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. रायफल या वाटेत बसतच नाही. रायफलीसाठी सबळ कारण वेगळे पटवावे लागते. तेव्हा पिकासाठी अर्ज करायचा तर बारा बोअरचा करा. कायद्याचे कलमही तुमच्या बाजूने राहील आणि शेजाऱ्याचा जीवही.

आता पहिला आणि दुसरा प्रश्न, म्हणजे नुकसान आणि खर्च. रायफल, काडतुसे, लायसन, पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, जालन्याच्या फेऱ्या आणि बुडालेले दिवस असा सगळा हिशेब आपण एक लाख रुपये धरू. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. तो पुरा हातात पडला असे धरले तरी एक लाख म्हणजे सव्वाबारा क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी चार-पाच क्विंटल धरा. म्हणजे अडीच-तीन एकरांचा सगळा कापूस, सरकी, वेचणी, खत यांचा खर्च वजा न करता, एका नळीत गेला. मालदांडी ज्वारीचा हमीभाव त्याच वर्षी 3749 रुपये होता. ज्वारीत हिशेब केला तर सव्वीस क्विंटलच्या वर जाते. कोणत्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे परवडते?

आणि एवढे करून बंदूक घरी राहील याची खात्री नाही. निवडणूक लागली की हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 ची विधानसभा आठवा. मतदान 20 नोव्हेंबरला. कापूस वेचणीत, ज्वारी कोवळी, तूर शेंगांवर. ज्यांना आदेश आला त्यांची बंदूक ठाण्यात, आणि डुकरांना आचारसंहिता नाही.

बंदुकीचे लायसन म्हणजे मारायची परवानगी नव्हे, हेही पक्के ध्यानात घ्या. ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. ती एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ती उभ्या पिकाला घातक झाली, तर वनखात्याचा अधिकार दिलेला अधिकारी कलम 11 खाली लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत. ते मारले तर तीन ते सात वर्षे कैद. अंधारात डोळे चमकलेले दिसले, रोही समजून चाप ओढला आणि सकाळी काळवीट निघाले, तर वकिलाच्या फीला शेत जाईल.

2015 साली राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोह्यांसाठी शासन निर्णय काढला. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने अर्जावर 24 तासांत निर्णय द्यावा, न दिल्यास परवानगी मिळाली असे समजावे, असे त्यात होते. कागद चांगला. पण चोवीस तास मोजायचे तर आधी अर्जाची पोच हवी. किती जणांकडे पोच आहे? हात वर करा. बघा. म्हणून उद्यापासून तोंडी तक्रार बंद. दोन प्रतींत अर्ज, एकीवर शिक्का, तारीख आणि वेळ. त्यात हेही लिहा की सध्या लागू असलेला नियम कोणता, ते आम्हाला लेखी कळवावे.

आता मुद्द्याचे. या कायद्याचे कलम 39 वाचा. परवानगीने मारलेले डुक्कर ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. मेलेल्या डुकराच्या मटणावर सरकारचा हक्क. मग जिवंतपणी ते कोणाचे होते? सहा महिने ते कोणाच्या ज्वारीवर वाढले? सरकार म्हणते, जनावर राष्ट्राचा ठेवा आहे. मान्य. आम्हीही वाघ-हरणांचे वैरी नाही. पण राष्ट्राच्या ठेव्याचे वैरण एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का घालावे? शहरातल्या माणसाने त्याच्या घरात सरकारचे एक वासरू तरी फुकट पाळले आहे का?

म्हणून मी म्हणतो, रायफल कोणती हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की जनावर ज्याचे, जबाबदारी त्याची की नाही? रायफल विकत घेतली की आपण ही जबाबदारी न बोलता आपल्या खांद्यावर घेतो. एक लाख आपला, गुन्ह्याची भीती आपली, चुकलेल्या गोळीचे पाप आपले. सरकार मोकळे.

मारण्याने प्रश्न कायमचा सुटत नाही, हेही पाहून झाले आहे. बिहारात 2016 साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले, शेतकऱ्याचा प्रश्न बाजूला राहिला. डुकराची मादी एका विताला चार-सहा पिले देते. एका शेतकऱ्याने एक डुक्कर मारले तर कळप शेजाऱ्याच्या रानात जातो, एवढेच. एकट्याने फवारणी केली तर बोंडअळी जशी शेजारून परत येते, तसे हे आहे. काम गावाने मिळून करायचे आहे. केरळात 2022 साली रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला. तिथे जमते, तर आपल्या ग्रामपंचायतीला का नको?

तोवर एक गोष्ट हात जोडून सांगतो. तारेत वीज सोडू नका, गावठी बॉम्ब ठेवू नका. त्या तारेत डुकराच्या आधी आपलाच माणूस सापडतो, शेजारची म्हैस सापडते. दरसाल बातमी येते आणि दरसाल आपण हळहळून पान उलटतो.

या बैठकीने पुढील ठराव करावेत असे मी सुचवतो.

एक, गावागावांत जागलीची पाळी लावावी. एकट्याने रात्र काढू नये, आणि पाण्यावर कोण आहे हे पाळीवाल्याला माहीत असावे.

दोन, परवानगीने डुक्कर मारायचेच झाले, तर ज्याच्याकडे आधीच बारा बोअरचे लायसन आहे आणि ज्याचा हात बसलेला आहे अशा माणसाचे नाव अर्जात सुचवावे. घरोघर नवी रायफल नको.

तीन, प्रत्येक नुकसानीचा अर्ज, फोटो आणि पंचनामा त्याच आठवड्यात करावा. 2023 साली राज्याने वन्यप्राण्यांच्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा केला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 2026 च्या खरिपापासून पीकविम्यात असे नुकसान घेण्याचे जाहीर केले, आणि त्यात 72 तासांत कळवण्याची अट आहे. आपला जिल्हा आणि आपले जनावर राज्याच्या यादीत आहे का, हे लेखी विचारावे.

चार, रानडुकराबाबतची परवानगी ग्रामपंचायतीच्या पातळीवर मिळावी, अशी मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने ठरावाने करावी.

ते दोघे भाऊ मागे बसले आहेत. त्यांना एवढेच सांगतो. बाबांनो, तुमचा हिशेब चुकीचा नव्हता, फक्त अर्ध्यावर थांबला होता. नळीच्या पुढच्या टोकाला डुक्कर आहे, तिथवर तुम्ही पाहिले. त्याच्या मागे दोन किलोमीटर आपलीच माणसे आहेत, आणि बंदुकीच्या दस्त्यामागे आपलेच घर आहे. लाख रुपये खर्चायच्या आधी एक अर्ज लिहा. कागद मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत बसू आणि तुमच्यापासूनच सुरुवात करू.