कॅमेऱ्याचा अबोला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लोणची-पापडांवर बोलावयाचे असते तर मी न डगमगता उभी राहिले असते. पण कार्यवाहबाईंचा आग्रह पडला, की गेल्या महिन्यात तुमच्या घरी जे कॅमेरापुराण झाले तेच सांगा. कारण घरोघरी कपाटात एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडलेला आहे. म्हणून हे धाडस.

आमचा कॅमेरा २००९ सालचा. माझ्या सासूबाई २०१३ साली गेल्या. त्याआधी एकदा यजमानांनी त्यांच्या जात्यावरच्या ओव्या, जात्याच्या घरघरीसकट, त्या कॅमेऱ्यात टिपून घेतल्या होत्या. जेमतेम चार मिनिटांचे ते चित्र. सासूबाईंचा आवाज आमच्या घरी दुसरा कोठेही नाही. 'सवडीने संगणकावर घेऊ' असे म्हणता म्हणता वर्षे उलटली. स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे हवीत असा निरोप आला, तेव्हा कुठे कॅमेरा बाहेर निघाला.

बॅटरी रात्रभर चार्ज केली. कॅमेरा सुरू झाला, त्याच्या इवल्याशा पडद्यावर सासूबाई दिसल्या, आणि आम्ही सगळीच गप्प झालो. मग ड्रॉवरमधली एक वायर घेऊन कॅमेरा संगणकाला जोडला. संगणक ढिम्म. दुसऱ्या भोकात वायर घातली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तरी त्याचे आपले मौनव्रत.

दुसऱ्या दिवशी कार्ड काढून एका दुकानात नेले. तिथल्या मुलाने ते आपल्या जुन्या कार्ड-रीडरमध्ये घातले. पडद्यावर प्रश्न उमटला, की कार्ड फॉरमॅट करावयाचे काय? तो म्हणाला, "काकू, कार्ड गेलंय. फॉरमॅट करून देतो, नव्यासारखं चालेल." त्याचे बोट माऊसवर होतेच. मी म्हटले, "थांब बाबा! कार्ड गेलं असेल तर कॅमेऱ्यात माझ्या सासूबाई दिसतात कशा?" यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते. मी कार्ड पदरात बांधून घरी आले.

भगिनींनो, कॅमेऱ्यात चित्र दिसत असेल तर दोष बहुधा कार्डात नसतो; तो वाटेत कोठेतरी असतो. फॉरमॅट करणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून पाने कोरी समजणे. चुकून तसे झालेच तर त्या कार्डावर नवे एकही छायाचित्र काढू नये. जुन्या पानांवर नवे लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस पुष्कळदा ती परत मिळवून देतो. आणि कार्डाच्या कडेला एक छोटी खिटी असते, ती लॉककडे सरकवून मगच कार्ड दुसऱ्याच्या हाती द्यावे. वाचता येते, सहसा पुसता येत नाही.

दुकानातल्या यंत्राला कार्ड का वाचता आले नाही, हे नातवाने उलगडले. साधी एसडी कार्डे २ जीबीपर्यंतची. त्याहून मोठी, ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डे २००६ साली निघाली. आकार तोच, पण जुन्या रीडरला ती उमगत नाहीत. आमचे ८ जीबीचे.

वायरीची गंमत तर याहून मोठी. यूएसबीच्या साध्या वायरीत आत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. काही स्वस्त वायरींत नुसत्या विजेच्या दोनच घातलेल्या असतात. तोंड सारखेच, म्हणून ती बसते मात्र चपखल! आमची वायर निघाली नातवाच्या सायकलच्या दिव्याची. ती दिवा उजळील, पण छायाचित्रे कोठून आणील?

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या कॅमेऱ्याची वायर दिली. तरीही काही होईना. तेव्हा सूनबाईने कॅमेरा सुरू करून तो चित्रे काढण्याऐवजी चित्रे पाहण्याच्या खुणेवर आणला, आणि संगणकाने टुणकन आवाज दिला! काही कॅमेऱ्यांत मेनूमध्ये यूएसबीची निवडही असते. एकीने जमले नाही तर दुसरी करून पाहावी. एवढे करूनही जमले नाही, तर नवा कार्ड-रीडर आणावा. त्याला कॅमेऱ्याची गरजच पडत नाही.

१९७५ साली कोडक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत आणि ते पाहण्यासाठी वेगळे यंत्र व टीव्ही जोडावा लागे. म्हणजे ही जोडाजोडीची कटकट कॅमेऱ्याच्या जन्मापासूनचीच.

चित्रे डीसीआयएम नावाच्या फोल्डरात सापडली. ती कट न करता कॉपी केली, संगणकावर उघडून पाहिली, मग एक प्रत पेन-ड्राइव्हवर घेतली. कार्ड अजून तसेच देव्हाऱ्याखालच्या डबीत आहे.

एक अडचण मात्र उरली. तिसऱ्या ओवीतला एक शब्द जात्याच्या आवाजात बुडाला आहे. वन्सं म्हणतात तो 'माहेर', मला 'मोहर' ऐकू येतो. चहापानानंतर मी ते चित्र येथेच लावणार आहे. सासूबाईंबरोबर ज्यांनी दळले आहे, अशा दोघीतिघी समोर बसलेल्या दिसतात. त्यांनी जरा पुढे येऊन बसावे.