टिपणांचा खोका



आमच्या घरी बुटांच्या एका जुन्या खोक्यात अनेक वर्षांची टिपणे आहेत. मागे एका व्याख्यानात त्यांतले एक वाक्य आम्ही मोठ्या ऐटीत वाचून दाखविले. एका श्रोत्याने नम्रपणे विचारले, "हे कोणत्या ग्रंथातले?" चिठोऱ्यावर ग्रंथाचे नाव नव्हते. आम्ही पाणी प्यालो.

त्या फजितीनेच आम्ही या विषयाकडे वळलो. १९४५ च्या जुलैत 'अटलांटिक मंथली'त व्हॅनेव्हार बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'मेमेक्स' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. दिसायला लिहिण्याचे मेज. पोटात मायक्रोफिल्मवर ग्रंथसंग्रह. मन काही अकारविल्हे चालत नाही, एका गोष्टीवरून त्याला दुसरी आठवते. तेव्हा वाचकाने पानाला पान जोडीत जावे आणि ती वाट यंत्राने जपावी, असे त्याचे म्हणणे. त्याच्या उदाहरणातला वाचक धर्मयुद्धांतील तुर्की धनुष्य इंग्रजी धनुष्याहून सरस का ठरले हे पाहू लागतो आणि इतिहास सोडून थेट लवचिकतेच्या शास्त्रात शिरतो! ते यंत्र कधी बनलेच नाही.

निकलास लूमान (१९२७–१९९८) या जर्मन समाजशास्त्रज्ञाने मात्र यंत्रावाचून हे साधले. त्याच्या लाकडी खणांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. नवी चिठ्ठी तो जवळच्या विचाराशेजारी ठेवी, तिला क्रमांक देई आणि दूरच्या चिठ्ठ्यांचे क्रमांक तिच्यावर टिपून ठेवी. आपला हा संग्रह आपल्याशी बोलतो, आपल्याला चकित करतो, असे त्याचे सांगणे होते.

आज ही सोय संगणकावर आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ साली निघालेले 'झोटेरो' विनामूल्य मिळते. वाचता वाचता एक कळ दाबली की लेखाचे नाव, लेखक, साल सारे नोंदले जाते. 'ऑब्सिडियन'मध्ये एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवा दिला, की त्या दुसऱ्यालाही आपल्याकडे कोण बोट दाखवितो ते कळते.

पण कळ दाबणे फार सोपे, हीच अडचण. आम्ही सहा महिन्यांत शेकडो लेख जमविले. वाचले ते बोटांवर मोजण्याइतके. लूमान चिठ्ठी स्वतःच्या शब्दांत लिही, म्हणजे आधी त्याला वाचावे लागे. ते काम कोणतेही साधन आमच्याऐवजी करीत नाही.

सध्या रोज संध्याकाळी खोक्यातली पाच चिठोरी आम्ही संगणकावर उतरवितो. जिचे मूळ सापडत नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घालतो. त्या वाक्यापुढे ते अजून आहे.