अडलेले बिल, अडलेली मजुरी



आपली क्वार्टर्स बांधणारा ठेकेदार बिलासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, हे आपण पाहतोच. काम पुरे, मापे मेजरमेंट बुकात चढलेली; तरी फायनल बिल अडते, अनामत त्याहूनही मागे. (साहेबांची सही कायम दौऱ्यावर!) ठेकेदार आमचा सोयरा नव्हे. पण त्याचे बिल थकले की बिगाऱ्याची चूल थंडावते. 1970 च्या कायद्यात 20 कंत्राटी मजूर असले, की ठेकेदाराने थकवलेली मजुरी मुख्य मालकाने, म्हणजे इथे आपल्याच खात्याने, देणे भाग होते. 2020 च्या संहितेने ही मर्यादा 50 वर नेली. 30 मजुरांचा ठेकेदार त्यातून सुटला. तेव्हा आपल्या शाखांनी निवेदनात मागावे: बिल ताबडतोब काढा आणि त्यातली मजुरी खात्याच्या माणसासमोर वाटा.